टाकीच्या तळातलं पाणी

लोखंडी टाकीत कोरडं, स्वच्छ डिझेल असेल तर टाकीला काही होत नाही. तेलाचा थर उलट लोखंडाला राखतो. बिघडतं ते पाण्यामुळे, आणि पाणी कुठून ना कुठून आत येतंच. ते तेलापेक्षा जड असल्यामुळे तळाशी जातं आणि टाकीतली सर्वांत खोलगट जागा गाठून तिथे साचतं. वर पंप चालू राहतो, गाड्या भरल्या जातात, जनरेटर सुरू होतो. खाली दोन-चार मिलिमीटर पाण्यात काय चाललंय याचा पत्ता वर कोणालाच नसतो.

सुरतेत अशा टाक्या किती तऱ्हेच्या आहेत पाहा. हजिऱ्याच्या औद्योगिक पट्ट्यात मोठमोठ्या उभ्या टाक्या आहेत. शहरभर पेट्रोल पंपांच्या खाली आडव्या टाक्या पुरलेल्या आहेत. पांडेसरा आणि सचिनमधल्या डाइंगच्या कारखान्यांत, रिंग रोडच्या कापड मार्केटांत, इस्पितळांत जनरेटरसाठी डिझेल भरून ठेवलेलं असतं. या शेवटच्या प्रकाराकडे सर्वांत कमी लक्ष जातं. वीज फारशी जात नाही, डिझेल फारसं खपत नाही, आणि महिनोन्‌महिने न हललेल्या टाकीला, तळाच्या पाण्यात वाढून लोखंड गंजवणाऱ्या जंतूंच्या दृष्टीने, तोड नाही. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत धुळे-जळगाव-नंदुरबारकडून आलेली हजारो मराठी कुटुंबं राहतात. कारखान्यांतले फिटर, जनरेटरचे ऑपरेटर, पंपावरची पोरं यांत ही मंडळी हमखास भेटतात. हे प्रकरण लिहिताना डोळ्यांसमोर तीच आहेत, कारण गंज पहिल्यांदा दिसू शकतो तो त्यांनाच.

पाणी येतं कसं? एक वाट हवेची. टाकीतून जेवढं डिझेल बाहेर जातं तेवढीच हवा व्हेंट पाइपमधून आत येते. दहा हजार लिटर विकलं की दहा घनमीटर हवा आत. जुलै-ऑगस्टमधल्या सुरतेच्या दमट हवेत एका घनमीटरमागे वीस-पंचवीस ग्रॅम वाफ असते, म्हणजे एका टाकीमागे पाव किलोच्या आसपास पाणी वाफेच्या रूपाने आत आलं. ते सगळं काही आतच राहत नाही, पण थंड पत्र्यावर त्यातला थोडा भाग थेंब होऊन उतरतो, आणि जंतूंना थोडंच लागतं. दुसरी वाट पावसाची: मॅनहोलचं झाकण नीट न बसणं, गॅस्केट कुजणं, फिल पाइपच्या टोपीला फट असणं. तिसरी वाट टँकरमधून, आधीच पाणी असलेल्या मालाची. आणि तापीकाठच्या या गावाला चौथी वाटही ठाऊक आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा फार मोठा भाग बुडाला होता. मॅनहोलच्या वर पाणी चढलं की कुठल्या सीलने दगा दिला हे पुढे कित्येक महिने कळत नाही.

हजिऱ्यासारख्या खाडीच्या तोंडावरच्या जागी पाणी खारं असण्याची शक्यता मोठी, आणि त्याचा अर्थ केवळ मीठ एवढाच नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण २.७ ग्रॅम सल्फेट असतं. पुढे ज्या जंतूंची गाठ पडणार आहे त्यांचा श्वास सल्फेटवर चालतो.

हे जंतू विज्ञानाला नवे नाहीत. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट इथे मार्टिनस बेयरिंकने १८९५ मध्ये सल्फेटवर जगणारा जिवाणू वेगळा करून दाखवला. पुढे १९३४ मध्ये फोन वोल्झोगेन क्यूर आणि फान डेर व्ल्युख्त या दोन डच संशोधकांनी एका जुन्या कोड्याचा उलगडा मांडला. चिकणमातीत पुरलेले बिडाचे नळ, जिथे ऑक्सिजन पोचतच नाही, तिथे गंजतात कसे? गंजायला ऑक्सिजन लागतो, हे तर शाळेत शिकलेलं. त्यांचं उत्तर असं होतं की ऑक्सिजनची जागा हे जिवाणू घेतात. लोखंडाच्या पृष्ठभागावर जमणारा हायड्रोजन ते वापरून टाकतात, त्यामुळे थांबायला आलेली गंजण्याची क्रिया चालूच राहते. त्या मांडणीत नंतर पुष्कळ दुरुस्त्या झाल्या. काही जिवाणू लोखंडातून थेट इलेक्ट्रॉन खेचतात असंही आता दिसलं आहे. पण मूळ धक्का तोच: हवा नसलेल्या ठिकाणी लोखंड सुरक्षित आहे, हा भरवसा चुकीचा ठरला.

टाकीत हे जिवाणू एकटे नसतात. तेल आणि पाणी जिथे भेटतात त्या रेषेवर आधी बुरशी आणि हवा वापरणारे जिवाणू वस्ती करतात. ‘होर्मोकोनिस रेझिनी’ नावाची एक बुरशी रॉकेल आणि विमानाचं इंधन आवडीने खाते. विमानांच्या पंखांतल्या टाक्यांत ती सापडू लागली तेव्हापासून तिला रॉकेलची बुरशी म्हणतात. ही मंडळी हायड्रोकार्बनच्या साखळ्या तोडतात, सेंद्रिय आम्लं टाकतात आणि आसपासचा ऑक्सिजन संपवतात. त्यांच्या चिकट थराखाली जी अंधारी, हवाबंद जागा तयार होते ती सल्फेटवाल्या जिवाणूंना हवी तशीच असते. ते सल्फेटचं सल्फाइड करतात आणि लोखंडाशी त्याचा संयोग होऊन काळा फेरस सल्फाइड बसतो. थराखालचा आणि थराबाहेरचा पत्रा यांच्यात विजेच्या पातळीचा फरक पडतो, आणि पत्रा सगळीकडे सारखा झिजण्याऐवजी एकाच ठिपक्यावर खोल खोल जात राहतो. उभ्या टाकीच्या तळाचा पत्रा बहुधा सहा मिलिमीटरच्या आसपास असतो. बाकी सगळा तळ साडेपाच मिलिमीटरवर शाबूत असताना रुपयाच्या नाण्याहून लहान जागी तो आरपार जाऊ शकतो.

इथवरची गोष्ट तळाची झाली. गेल्या काही वर्षांत दुसरी एक गोष्ट तिला येऊन मिळाली आहे, आणि आपल्याकडे तिच्यावर पुरेसं बोललं जात नाही, असं मला वाटतं. ती आहे इथेनॉलची.

फेब्रुवारी २०२३ पासून भारतात वीस टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल विकायला सुरुवात झाली, आणि आता ते सर्वत्र आहे. इथेनॉल पाण्याला ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी जातं आणि खाली दारूसारखा वेगळा थर बनतो. हे पंपवाल्यांना चांगलं माहीत आहे आणि त्याची धास्तीही आहे. पण त्या थरात इथेनॉल इतकं दाट असतं की बहुतेक जंतू त्यात तग धरत नाहीत. धोका आहे तो पातळ इथेनॉलचा. शंभरात एक-दोन भाग इथेनॉल असलेलं पाणी ‘असिटोबॅक्टर’ जातीच्या जिवाणूंना मेजवानी असतं; दारूचा सिरका करणारे जिवाणू ते हेच. आणि असं पातळ इथेनॉल मिळतं दोन ठिकाणी: शेजारच्या डिझेलच्या टाकीत आणि पंपाच्या सम्पमध्ये, म्हणजे मोटर आणि पाइपांचे सांधे जिथे असतात त्या टाकीवरच्या खड्ड्यात.

डिझेलच्या टाकीत इथेनॉल येतं कुठून, असा प्रश्न पडेल. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, २०१६ मध्ये डिझेलच्या ४२ भूमिगत टाक्यांची पाहणी प्रसिद्ध केली. डिझेलच्या नमुन्यांपैकी नव्वद टक्क्यांत इथेनॉलचे अंश सापडले, जे तिथे असायलाच नको होते. एकच टँकर कधी पेट्रोल, कधी डिझेल नेतो, कप्प्यात आणि नळीत थोडं राहून जातं. टाक्यांचे व्हेंट एकमेकांना जोडलेले असतात. आपल्याकडचे टँकरही कप्प्यांचेच, आणि एकाच फेरीत पंपावर दोन्ही माल उतरवतात. ४२ पैकी ३५ टाक्यांत, म्हणजे ८३ टक्क्यांत, आतल्या धातूच्या भागांवर मध्यम किंवा तीव्र गंज होता. या पाहणीतला सर्वांत बोलका आकडा मात्र तिसराच आहे. टाकीत गंज आहे याची आधीपासून कल्पना असलेले मालक पाव हिश्शाहूनही कमी निघाले.

कल्पना का नसते, याचं उत्तर रोजच्या कामाच्या पद्धतीत आहे. पंपावर सकाळी डिप घेतात, दांडीच्या टोकाला पाणी दाखवणारी पेस्ट लावतात, हायड्रोमीटरने घनता पाहतात, फिल्टर पेपरवर थेंब टाकतात. या चाचण्या भेसळ ओळखण्यासाठी उत्तम आहेत. जंतूंनी अर्धी टाकी व्यापली तरी डिझेलची घनता जागची हलत नाही. डिपला पाणी शून्य आलं म्हणजे टाकी कोरडी, हेही खरं नाही. पुरलेली टाकी क्वचितच अगदी पातळीत असते. जमीन बसते, एक टोक खाली जातं. डिप घेण्याचं भोक उंच टोकाला असेल तर पाणी दुसऱ्या टोकाला सुखाने साचत राहतं. शिवाय इथेनॉलच्या पेट्रोलसाठी वेगळी पेस्ट लागते, कारण साधी पेस्ट इथेनॉल-पाण्याचा थर नीट दाखवत नाही. टाकी कोणत्या दिशेला कललेली आहे हे एकदा दोन्ही टोकांच्या भोकांतून मोजून लिहून ठेवावं आणि पुढचं सगळं पाहणं खालच्या टोकाला करावं. मला विचाराल तर पहिली पायरी हीच, आणि तिला पैसे जवळजवळ लागत नाहीत.

दुसरी पायरी बाटलीची. तळाचा नमुना घेणारं साधन पार खाली टेकवून भरायचं, आणि तो नमुना पारदर्शक काचेच्या बाटलीत ओतून तासभर हलवायचा नाही. निरोगी टाकीच्या बाटलीत वर तेल, खाली असलंच तर स्वच्छ पाणी, आणि दोघांमध्ये काच कापल्यासारखी सरळ रेषा दिसते. बाटली तिरकी केली की रेषा लगेच पातळी धरते. लागण झालेल्या टाकीच्या बाटलीत ती रेषा हरवलेली असते. मध्ये करड्या-तपकिरी रंगाची एक फाटकी साय तरंगते. बाटली तिरकी केली तर ती काचेला चिकटून मागे राहते आणि मग लोंबत खाली येते. पाणी गढूळ किंवा काळसर असतं. त्या पाण्यात पीएच पट्टी बुडवावी. पाच, साडेचार असा आकडा आला तर कोणीतरी आम्ल बनवत आहे. सायीचं चित्र फोनमध्ये काढून तारखेसह ठेवलं तर पुढच्या खेपेला तुलना करता येते.

वासाबद्दल जपून लिहायला हवं. सम्पचं झाकण उघडल्यावर सिरक्याचा आंबट दर्प आला तर असिटोबॅक्टरचा संशय घ्यावा. टाकीच्या पाण्याला सडक्या अंड्यांचा वास आला तर हायड्रोजन सल्फाइडचा. पण वास घेण्यासाठी कुणीही तोंड खाली घालू नये. हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना नाकाला चटकन कळतो, आणि शंभर पीपीएमच्या आसपास गेला की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणून माणसाला हायसं वाटतं आणि तो खाली वाकतो. टाकीत किंवा खोल सम्पमध्ये एक जण कोसळला आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही गेला, अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. वायूमापक, परवाना, दोर आणि वर थांबलेला माणूस यांच्याशिवाय उतरणं म्हणजे जीव देणं. कंत्राटदार घाई करतो म्हणून कोणी उतरू नये, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

 पावसाळ्यात सम्पमध्ये पाणी साचतं, पेट्रोलची वाफ झिरपते, तिच्यातलं इथेनॉल त्या पाण्यात विरघळतं आणि सिरका तयार होतो. ॲसिटिक आम्ल उडून जाणारं असल्यामुळे ते फक्त पाण्यातल्या भागावर काम करत नाही. वाफ होऊन वरचा पाइप, झाकणाची खालची बाजू, तांब्याच्या नळ्या सगळीकडे पोचतं. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेच्या प्रयोगशाळेत अशा सम्पची हुबेहूब परिस्थिती तयार करून सुमारे तीस दिवस पोलाद आणि तांब्याचे तुकडे ठेवले गेले. पोलाद वर्षाला एक मिलिमीटरपर्यंतच्या वेगाने झिजत असल्याचं २०१४ च्या त्या अभ्यासात आढळलं. तेव्हा सम्पमध्ये पाणी आहे का एवढंच पाहून भागत नाही. तांब्यावर हिरवट-निळा थर, पोलादावर कॉफीच्या भुशासारखे सुटणारे गंजाचे कण, आणि गळती ओळखणारं उपकरण चिकटून बसणं या तीन गोष्टी पाहाव्यात. तिसरी सर्वांत घातक, कारण गळती सांगणारा पहारेकरीच तिथे आधी गंजतो.

जंतू आहेत का हे थेट तपासायच्या पद्धती आता पुष्कळ आहेत. जुनी पद्धत संवर्धनाची: लोखंडी खिळा टाकलेल्या पोषक द्रवाच्या बाटलीत नमुना सोडायचा, सल्फेटवाले जिवाणू असतील तर बाटली काळी पडते. पण पूर्ण उत्तरासाठी २८ दिवस थांबावं लागतं आणि टाकीतले बरेच जंतू बाटलीत वाढतच नाहीत. दुसरी आहे प्रतिपिंडांची पट्टी, करोनाच्या काळात घरोघरी वापरली त्याच तत्त्वाची. काही मिनिटांत हो-नाही सांगते. तिसरी मला सर्वांत उपयोगाची वाटते, ती एटीपीची. एटीपी हा प्रत्येक जिवंत पेशीतला ऊर्जेचा रेणू. नमुना पिचकारीने बारीक गाळणीतून ढकलतात, तेल धुऊन काढतात, गाळणीवर अडकलेल्या पेशी फोडतात आणि त्यावर काजव्याच्या शरीरात प्रकाश निर्माण करणारं ल्युसिफेरेझ हे विकर टाकतात. जेवढं एटीपी तेवढा उजेड. यंत्र तो मोजून आकडा देतं. दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. अमेरिकेच्या एएसटीएम संस्थेने इंधनासाठी या चाचणीची मानक पद्धतही ठरवून दिली आहे.

मात्र एकट्या आकड्याला अर्थ नसतो. पहिल्या खेपेला आलेला आकडा ही त्या टाकीची पायरी धरायची आणि पुढच्या खेपांना तो कुठे जातोय ते बघायचं. दहापट वाढला तर कारण शोधायचं, गंज दिसायची वाट पाहायची नाही. नमुना दर वेळी त्याच भोकातून, त्याच खोलीवरून घेतला नाही तर ही सगळी मेहनत वाया जाते. वरच्या डिझेलचा नमुना घेऊन ‘रिपोर्ट निल’ लिहिणं सोपं असतं, आणि पुष्कळदा तेच घडतं.

जंतू असणं आणि जंतूंनी लोखंड खाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून धातूकडेही बघावं लागतं. स्वस्त उपाय म्हणजे वजन केलेली पोलादाची पट्टी. एक पाण्यात, एक वरच्या वाफेत टांगायची. दोन-तीन महिन्यांनी काढून, घासून पुन्हा वजन करायचं आणि भिंगातून खड्डे पाहायचे. पट्टीवरच्या काळ्या थराचा चिमूटभर तुकडा उघड्या हवेत घेऊन त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकला आणि वर धरलेला लेड ॲसिटेटचा कागद काळा झाला, तर तो सल्फाइड आहे. हजिऱ्याच्या मोठ्या टाक्यांसाठी अल्ट्रासॉनिक जाडीमापक वापरतात, पण तो मोजतो फक्त प्रोब टेकवला त्या बिंदूवर. ठिपक्याएवढा खड्डा दोन बिंदूंच्या मधे सहज निसटतो. म्हणून टाकी रिकामी झाल्यावर चुंबकीय पद्धतीने सगळा तळ स्कॅन करतात. आपल्याकडे टाक्यांच्या तपासणीसाठी ‘ओआयएसडी-१२९’ हे मानक आहे, आणि पेट्रोलियम साठवणुकीचे परवाने देणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालय नागपूरला आहे. त्यांच्या तपासण्या काही वर्षांच्या अंतराने होतात. जंतूंचं काम आठवड्यांच्या हिशेबाने चालतं, तेव्हा मधला काळ बाटली, पीएच पट्टी आणि पोलादाच्या पट्टीनेच भरून काढावा लागतो.

गंजरोधक रसायन घालतो म्हणून निर्धास्त राहावं, असंही नाही. तमिळनाडूत कराईकुडी इथल्या केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी वायव्य भारतातल्या पेट्रोलियम वाहिन्यांमधून जिवाणू गोळा करून अभ्यासले. त्यातले काही जिवाणू डिझेलबरोबर गंजरोधक रसायनही मोडून खात होते. ज्याच्यावर भिस्त ठेवली तेच त्यांच्या पोटात गेलं.

मग जंतुनाशक? ते शेवटचं हत्यार आहे आणि पाणी काढल्याशिवाय चालवू नये. मेलेली साय टाकीतच राहते आणि फिल्टर तुंबवते. जिवंत उरलेल्यांना तिच्याखाली आडोसा मिळतो. मात्रेची चूक काय करते हे २६ फेब्रुवारी २०२० रोजी लंडनच्या गॅटविक विमानतळावर दिसलं. जंतूंची लागण झालेल्या एका एअरबस ए-३२१ च्या टाक्यांत देखभालीच्या वेळी जंतुनाशक घातलं गेलं, पण पीपीएमचा हिशेब चुकून शिफारशीच्या ३८ पट. उड्डाणानंतर काही मिनिटांतच दोन्ही इंजिनं बिघडू लागली आणि वैमानिकांना ‘मेडे’ देऊन परतावं लागलं. विमान सुखरूप उतरलं. जनरेटरच्या टाकीवर ‘अंदाजाने एक कॅन’ ओतणाऱ्या प्रत्येक ऑपरेटरला ही घटना ठाऊक असायला हवी.

सुरतेसाठी वेळापत्रक आखायचं तर दोन तारखा पक्क्या धराव्यात: मे महिन्याची अखेर आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा. मे अखेरीस झाकणं, गॅस्केटं, व्हेंटच्या टोप्या आणि खालच्या टोकाचं पाणी. पाऊस संपल्यावर बाटली, पीएच, एटीपी, आणि सम्पमधल्या तांब्यावर हिरवा थर चढलाय का ते. मधल्या चार महिन्यांत डिझेलच्या मशीनचा फिल्टर नेहमीपेक्षा लवकर तुंबला तर तो बदलून जुना फेकून न देता कापून उघडावा. आत कोरडी धूळ असेल तर माल तपासावा; बोटाला बुळबुळीत लागणारा तपकिरी लेप असेल तर त्याच दिवशी तळाचा नमुना काढावा.